मधलं नाव

औरंगाबादला मी आईला नरसापूरच्या गाडीत बसवलं आणि गोदावरी, म्हणजे आमची गंगा, समुद्राला मिळते तिथपर्यंत घेऊन गेलो. तिथल्या लहानशा संग्रहालयाच्या दारात वहीत पूर्ण नाव लिहायचं होतं. आई "भागूबाई" म्हणाली आणि नेहमीसारखं मला कोपरानं ढोसलं. मधलं नाव, माझ्या वडलांचं, मी सांगितलं. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात कधी ओठांवर आणलं नव्हतं.

आत होड्या होत्या, जाळी होती, भुसा भरलेले पक्षी होते. आई थांबली ती काचेच्या पेटीतल्या गाळापाशी. तो अजून ओला असल्यासारखा चमकत होता.

"काय लिव्हलंय?"

मी पाटी वाचून सांगितलं, "नदी वरून जे जे आणती, ते इथं येऊन थांबतं. इथली सारी जमीन त्याचीच झालीय."

"पैठणला सोडलेलं बी?"

वडलांची राख आम्ही पैठणलाच सोडली होती. त्याला बारा वर्षं झाली. मी म्हणालो, "व्हय."

ती वाकली. "अवं," हळूच म्हणाली आणि जरा वेळ वाट पाहिली. मग माझ्याकडं वळली. "नाशकापासूनची माणसं आली असतील रं इथं, बद्री. नुसतं अवं म्हणलं तर कोण वळंल?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तोंड काचेजवळ नेलं.

"पुंजाराम," ती म्हणाली, "मी आले."