दोघांचं वजन

"होडी उलटली. आता पहिलं काय?" कप्तानांनी विचारलं.

शिकायला आलेल्या मंडळींत निम्म्यांना अजून शीड कसं चढवतात तेही धड कळलं नव्हतं. वारा तर असा, की किनाऱ्यावर नुसतं उभं राहायचं तरी पाय रोवावे लागत.

"बरोबरचा माणूस कुठे आहे ते बघायचं," ती म्हणाली.

"शाब्बास. माणूस आधी, होडी नंतर."

कप्तान पूर्वी मालवाहू जहाजावर होते. आता आठवड्याभराच्या वर्गात कॅटमरान चालवायला शिकवत. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी जोडलेल्या, मधे बसायला ताणलेली जाळी आणि वर उंच शीड. दिसायला खेळणं, पण वाऱ्यात भल्याभल्यांची भंबेरी उडवणारं. अशाच होडीवरून पडून तिचा नवरा गेल्या मोसमात बुडाला, हे वर्गात सगळ्यांना आणि कप्तानांनाही ठाऊक होतं. ते तिच्याशी जरा सांभाळूनच बोलत.

नवरा गेला, पण प्रकरण मिटलं नव्हतं. लाइफ जॅकेट घालणं त्याला कमीपणाचं वाटे. प्रेत फार उशिरा सापडलं. होडी मात्र दुसऱ्याच दिवशी वाळूला लागलेली मिळाली, सरळ उभी. डोलकाठीच्या टोकाला तळाचा चिखल होता, म्हणजे ती उलटून पुन्हा सरळ झालेली. एकट्याला ती सरळ करता येत नाही. तेव्हा कुणीतरी बरोबर होतं आणि याला पाण्यात सोडून निघून आलं, असं तपास अधिकाऱ्यांचं म्हणणं. संशय गेला भागीदारावर. दोघं नेहमी एकत्र जात, आणि धंद्यावरून त्यांचं वाजलेलंही होतं. मी त्या दिवशी घरीच होतो, असं तो बिचारा घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होता. ऐकतो कोण?

"त्याने काही केलेलं नाही, वन्सं," ती नणंदेला म्हणाली होती.

"तुला काय माहीत? तू तर त्या दिवशी डोकं धरून अंथरुणात पडली होतीस. आणि त्याचा एवढा पुळका का गं तुला?"

पुळक्याचा प्रश्न नव्हता. निरपराध माणूस तुरुंगात जाईल, या विचाराने तिची झोप उडाली होती. एकट्याला जमतं की नाही, एवढंच तिला बघायचं होतं. म्हणून ती इथे आली, आणि तिला एकटीला सोडवेना म्हणून नणंदही आली. शाल लपेटून, दुर्बीण डोळ्यांना लावून नणंद रोज किनाऱ्यावर बसे.

ती भराभर शिकली. गाठी तर कप्तानांना दुसऱ्यांदा दाखवाव्या लागल्याच नाहीत.

"एकदा सांगितलेलं बरं लक्षात राहतं तुमच्या!"

"सवय आहे. आमच्याकडे एकदाच सांगायचे."

तिच्या डाव्या मनगटाचं हाड वाकडं जुळलेलं होतं. दोर ओढताना कळ यायची. कप्तानांनी विचारलं, तेव्हा "जुनं आहे" म्हणून तिने बाही खाली ओढली.

उलटलेली होडी सरळ करायचा धडा आला. खालच्या होडीवर उभं राहायचं, वरच्या होडीवरून आलेला दोर धरायचा आणि दोघांनी मागे रेलायचं.

"आणि नीट ऐका," कप्तान म्हणाले. "जो आधी वर चढेल त्याने शिडाचा दोर मोकळा सोडायचा आणि दुसऱ्याला वर घ्यायचं. दोर ओढलात तर होडी सुसाट सुटेल. मागे राहिलेला कितीही हात मारो, त्याला ती गाठता येणार नाही."

सगळ्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"हे एकट्याला जमेल?" तिने विचारलं.

"नाही, ताई. दोघांचं वजन लागतं. तपासाच्या साहेबांनाही मी तेच सांगितलंय."

तरी ती रोज वर्ग सुटल्यावर होडी उलटवायची आणि एकटी दोराला लोंबकळायची. तळहात सोलून निघाले. होडी तसूभर हलेना.

"पुरे कर गं," नणंद म्हणाली. ती दुर्बीण मांडीत घेऊन रडत होती. "ओरडला असेल तो. माझा भाऊ कुणाला तरी हाका मारत असेल."

ती पाण्यातून बाहेर आली. शेजारी बसून राहिली.

शेवटच्या दिवशी वारा पिसाळला होता. तिने सामानाची रबरी पिशवी पाण्याने भरून पाठीला बांधली. उलटलेल्या होडीचं टोक वाऱ्याकडे वळेपर्यंत थांबली. मग सगळा जीव एकवटून मागे रेलली. झोत आला, शिडाखाली शिरला, आणि डोलकाठी पाण्यातून हळूहळू वर उठली. होडी धाडकन सरळ झाली.

रबरी बोटीतून बघणारे कप्तान अक्षरशः ओरडले. "ताई, तुमचं वजन ते केवढं! तुम्हाला जमलं तर त्यांना सहज जमलं असणार. माझंच चुकलं. आजच साहेबांना सांगतो, त्या माणसाला सोडा म्हणून."

किती महिन्यांनी तिला पोटभर श्वास घेता आला.

नणंद कमरेइतक्या पाण्यात धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. "म्हणजे तो एकटाच होता गं! कुणी नाही सोडलं त्याला." मग जरा थांबून म्हणाली, "पण होडी सरळ झाल्यावर वर का नाही चढला तो?"

"दमले असतील, वन्सं," ती म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

दमला नव्हता तो. त्या दिवशी होडी दोघांच्या वजनानेच सरळ झाली होती. आधी ती वर चढली. त्याचा हात जाळीपासून वीतभर लांब होता तेव्हा तिने शिडाचा दोर ओढला, आणि मनगटातून कळ गेली तरी सोडला नाही.