उसनं मुंडकं

अबांग ताहिर या किल्ल्यावरच्या कारकुनाची होडी घाटाला लागली, तेव्हा लांबघरातली झाडून सगळी माणसं ओसरीवर येऊन उभी होती. पण खाली उतरायचं नाव कुणी घेईना. होडीच्या टोकाला किल्ल्यातल्या साहेबाचं निशाण होतं आणि ताहिरच्या मांडीवर वेताची टोपली. त्या टोपलीसाठी भातकापणीपासून बोलणी चालली होती.

मुनान हा तरणा पोर गेल्यापासून त्या घराला सुतक होतं. एका छपराखाली सगळं गाव राहत असल्यामुळे ते सगळ्यांनाच होतं. काशाच्या घंटा वाजत नव्हत्या, लग्नं खोळंबली होती, तांदळाची दारू मडक्यांत आंबट होत चालली होती. शत्रूचं मुंडकं घरात आल्याशिवाय सुतक फिटत नाही, अशी रीत. आणि मुंडकं आणायचं तर नदीच्या मुखाशी जाऊन मालाच्या होड्यांवर तुटून पडायचं. तशा एका हल्ल्यातच मुनान तिथल्या किल्ल्याच्या तोफेच्या तोंडी गेला होता आणि नदीच्या पोटात राहिला होता.

साहेब नवा असला तरी बावळट नव्हता. पोरं नुसत्या लुटीसाठी येत नाहीत, हे त्याने ताडलं होतं. किल्ल्याच्या माळ्यावर जप्तीतली जुनी मुंडकी धूळ खात पडली होती. त्यांतलं एक उसनं न्यावं, सुतक फेडून परत करावं आणि बदल्यात होडीला हात लावणार नाही अशी शपथ घ्यावी, असा त्याचा तह होता. आपल्या या युक्तीवर तो जाम खूश होता म्हणे.

आता सगळं मुनानच्या आईवर आलं होतं. मुंडकं पहिल्यांदा हातात घ्यायचं ते आईने. तिने नाही म्हटलं की तह बारगळला.

“वहिनी, कुणाचं का असेना,” घराचा म्होरक्या, तिचा धाकटा दीर उंटिंग, हलकेच म्हणाला. “पोरं आता थांबत नाहीत. पुन्हा तोफ वाजली तर माझे दोघेही त्याच होडीत असतील.”

ती शिडी उतरून घाटावर गेली. “कुणाचं आहे?” तिने ताहिरला विचारलं.

“माझ्या आधीपासून माळ्यावर आहे, मावशी. खालच्या किनाऱ्याचं असावं.” ताहिर टोपलीकडे बघत होता.

तिने मुनानच्या लग्नासाठी विणलेलं लाल कापड पसरलं आणि टोपलीतली काळी, धुरकट वस्तू त्यात घेतली. मग ती वर येऊन ओसरीवर बसली. मुंडक्याला तान्ह्या बाळासारखं मांडीवर घ्यायचं, भात भरवायचा, अंगाई म्हणायची. तेवढं होईस्तोवर बाकीच्या बायकांनी मागे उभं राहायचं. तिने भाताचा घास बोटांवर घेतला आणि अंगठ्याने जबडा उघडला.

दात कानशीने घासून टोकदार केलेले होते. पुढच्या प्रत्येक दातात पितळेचा ठिपका होता.

खालच्या किनाऱ्याची माणसं दातांना कानस लावत नाहीत. हे काम इथलं, वरच्या नद्यांवरचं. मुनानचे दात घासले तेव्हा त्याचं डोकं असंच तिच्या मांडीवर होतं. तो रडला नव्हता, पण तिच्या बोटाला कडकडून चावला होता. हे कुठल्या तरी वरच्या घरातलं, आपल्यातलंच पोर होतं. असल्या मुंडक्याने सुतक फिटत नाही. उलट ते ज्या घरचं, तिथे याच्यासाठी सुतक धरलेलं असणार.

 ती हे बोलली असती तर टोपली आल्या पावली परत गेली असती आणि त्याच दिवशी पोरांनी लढाईच्या होड्या पाण्यात लोटल्या असत्या.

“जेवला का गं तो?” मागून एका बाईने विचारलं.

“जेवला,” ती म्हणाली. तिने घास आत सारला, कापड हनुवटीवरून घट्ट बांधलं आणि अंगाई म्हणायला सुरुवात केली.

घंटा एकदम कडाडल्या. बायका मुंडकं हातोहात नाचवू लागल्या, मडकी फुटली, ओसरीच्या फळ्या पायांखाली थरथरू लागल्या. उंटिंग तिच्या पाया पडून रडला. तिला कुणाला तरी सांगावंसं फार वाटत होतं. जिला सांगता आलं असतं अशी एकच बाई होती, त्या पोराची आई, आणि ती कुठल्या घरात राहते हे हिला माहीत नव्हतं.

सण आटोपल्यावर ताहिर ठरल्याप्रमाणे आला. घर दारूने आडवं झालं होतं, त्यामुळे घाटावर ती एकटीच उतरली. मुंडकं कापडासकट तिने त्याच्या हातात दिलं.

“कापड काढून घ्या, मावशी. ते काही साहेबाचं नाही.”

“राहू दे. माळ्यावर गार लागतं.”

माळ्यावर कुठलं जातंय, ताहिर म्हणाला. दुसऱ्या नदीवरच्या एका घराने तह मान्य केला होता, आता थेट तिकडेच न्यायचं होतं. त्याने टोपलीचं झाकण लावलं आणि वल्हं उचललं. तिने होडीची कड धरून ठेवली.

“तिथेही कुणाची तरी आई असेल ना?”

“असणारच. त्याशिवाय कोण मागतंय?”

“मग तिला सांगा, भात ओठांवरच ठेव म्हणावं. तोंड उघडून बघू नकोस.”