रांजणाच्या खांद्यावरचं नाव

लुवेनिया रांजणावर आपलं नाव चांगलं मोठं कोरायची. तिच्या खापरपणजोबांनी अमेरिकेतल्या एजफिल्ड गावच्या याच मातीचे रांजण गुलाम म्हणून घडवले होते, आणि त्यांना नाव कोरायची बंदी होती. तिच्या रांजणावर नाव असणारच होतं. एका संग्रहालयानेही तिचा नवा रांजण त्याच अटीवर मागितला होता.

भट्टी उघडली. राखेची हिरवट झिलई देखणी उतरली होती, पण रांजणाच्या खांद्यावर नाव नव्हतं.

"कोरायला विसरलीस!" एझ्रामामा हसला. "म्हातारा मी, आणि विसरभोळी तू."

"मामा, तुझ्यासमोर तर कोरलं."

दुसऱ्या रांजणावर तिने नखभर खोल कोरलं. मामाने अक्षरांवरून बोट फिरवून खात्री करून घेतली. तोही भट्टीतून गुळगुळीत निघाला. या वेळी मामा हसला नाही.

तिसरा रांजण भट्टीपर्यंत गेलाच नाही. भर दुपारी, चाकावरच, तिने ओल्या मातीत काडीने पहिलं अक्षर ओढलं. काडीच्या मागोमाग माती मिटत गेली, पाणी मिटतं तशी. तिने पुन्हा ओढलं. पुन्हा मिटली.

आणि पुढचं अक्षर कोणतं, ते तिला आठवेना.

"मामा, मला हाक मार. नावाने मार."

हे नाव मामानेच ठेवलेलं. त्याने तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

"थांब हं, पोरी," तो हळूच म्हणाला. "अगदी ओठांवर आहे."