अडवलेले गोल

पोरगी हॉकीच्या मैदानात गोल राखत होती आणि बाप घरी टीव्हीसमोर बसला होता. समालोचक ओरडला, “काय अडवलाय!” पडद्यावर मात्र प्रेक्षकांत बसलेली एक नटी केस सावरत होती. पोरीने दुसऱ्यांदा चेंडू अडवला तेव्हा प्रशिक्षकाचा चेहरा दिसला. तिसऱ्या वेळी ऐन पेनल्टी कॉर्नरला साबणाची जाहिरात लागली. तिला चुकवून झालेला एकुलता एक गोल तेवढा सात वेळा दाखवला, तोही संथ गतीने.

बापाने वाहिनीला फोन लावला. “माझी मुलगी तिथे झोपा काढत होती का?”

“लोकांना गोल बघायचे असतात हो, काका.”

“मग गोलकीपरच्या जागी खुर्चीच ठेवा ना!” त्याने फोन आपटला.

पंधरा दिवसांनी राष्ट्रीय संघाची यादी लागली. त्यात पोरीचं नाव नव्हतं. बाप तडक निवड समितीच्या अध्यक्षांपुढे जाऊन उभा राहिला.

“साहेब, तिने एकटीने सामना वाचवला!”

“उगाच वाद घालू नका. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलाय मी. गोल खाण्यापलीकडे तिने काही केलं नाही.”

“मैदानात कुठे बसला होतात तुम्ही?”

“मैदानात कशाला? घरी टीव्हीवर पाहिला.”