पुढचं पीक

"पिशव्यायले एक बी मशरूम दिसून नाही राहिलं, अन् तू त्यायले कूलर लावून देल्ला?" नत्थुजींनी दारातूनच सुनेला विचारलं. तेल्हाऱ्यात ऊन पेटलं होतं आणि घरात कूलर एकच होता.

साधना कुटार-भुसा भरलेल्या पिशव्यांवर पाण्याचा फवारा मारत राहिली. "दोन तोड्यांच्या मधात थंडावा लागते, मामाजी. आता तो तुटला तर पुढचं पीक गेलं."

पीक म्हटल्यावर नत्थुजी नरमले. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. बारावीत नापास झालेली नात गीतांजली तिथे पुस्तक घेऊन बसली होती. तिच्या अभ्यासाच्या खोलीत कूलर लावायला त्यांनी आठवड्यापूर्वीच साफ नाही म्हटलं होतं.

"हे पोरगी काहून बसली इथं?"

"पानी माराले कोनी तरी पायजे ना."

नत्थुजी दुपट्ट्याने घाम पुसत ओसरीकडे वळले. "बंद नको करू मंग कूलर. पिकाले कमी पडाले नाही पायजे."

गीतांजलीने पान उलटलं. त्या पिशव्यांमधून आता काहीच येणार नव्हतं, शेवटचा तोडा गेल्या महिन्यातच निघाला होता. साधनाने पंपात पुन्हा पाणी भरून घेतलं.