हललेला फोटो

"श्वास घ्या. रोखा," तो माइकमध्ये म्हणाला आणि पुढचा शब्द त्याच्या घशातच अडकला.

काचेपलीकडे म्हातारी छाती टेकवून, हनुवटी वर करून उभी होती. बटण दाबायचं आणि 'सोडा' म्हणायचं, एवढंच काम होतं. पण त्याचे हात बधिर झाले, छातीत घण पडायला लागले आणि आपण आता इथेच मरणार, अशी नेहमीची खात्री त्याला पटली. बटण त्याने दाबलं खरं, पण नेमकं केव्हा, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

दवाखान्यात सगळे त्याला श्वासमास्तर म्हणत. एक्स-रेच्या त्या खोलीत दिवसाकाठी साठ-सत्तर माणसं त्याच्या हुकमावर श्वास घेत आणि सोडत. त्याचा स्वतःचा श्वास मात्र वर्षभर त्याला जुमानत नव्हता. थोरल्या भावाच्या छातीचा फोटो त्यानेच काढला होता. पडद्यावर काय उमटलं, ते सगळ्यांच्या आधी त्यानेच पाहिलं होतं. तीन महिन्यांत भाऊ गेला आणि हे झटके मागे ठेवून गेला. घरात त्याने कुणाला याचा पत्ता लागू दिला नव्हता.

पडद्यावर फोटो आला. पार हललेला. या महिन्यातला चौथा. आणखी एक हलला तर मशीन सोडा आणि फायलींच्या खोलीत जाऊन बसा, असं साहेबांनी परवाच बजावलं होतं. तो भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

म्हातारी हळूहळू आत आली. त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि स्टूल ओढून समोर बसली. काय झालं, कुणाला बोलावू का, असलं काहीही तिने विचारलं नाही.

"घाई नाही, बाळा," ती म्हणाली. जरा थांबली. "नाकानं घे." पुन्हा थांबली. "चार मोजू."

त्याने घेतला. अर्धाच आला.

"आता ओठांचा चंबू कर. गरम चहावर फुंकर घालतो ना," ती थांबली, "तसा सोड. सहा मोजेपर्यंत."

त्याचा हात हातात घेऊन ती बोटानं आकडे मोजत राहिली. तिचा हात गार होता. नखंही जांभळट दिसत होती, पण त्या खोलीतल्या एसीनं कुणीही गारठायचं. ती घ्यायची तेव्हा तो घ्यायचा, ती सोडायची तेव्हा सोडायचा. कितीतरी वेळाने घण थांबले. समोरची भिंत पुन्हा नुसती भिंत झाली.

"कुठे शिकलात हे?"

"शिकावं लागलं," ती म्हणाली.

एवढ्यात साहेबांनी दारातून डोकं आत घातलं. पडदा पाहिला. "परत हलला?"

तो उठायच्या आत म्हातारीच बोलली. "त्यांचं नाही चुकलं. माझाच श्वास," ती थांबली, "सुटला मध्येच."

साहेब कपाळाला आठ्या घालून निघून गेले. ना ओळख ना पाळख, आणि आपल्यासाठी ही बाई बेधडक खोटं बोलली, या विचाराने त्याला भरून आलं. तिचा हेवाही वाटला. एकेक शब्द तोलून बोलणं, कशाची म्हणून घाई नाही. भावाच्या जाण्यापासून त्याला एवढं शांत माणूस भेटलं नव्हतं.

तिला पुन्हा उभं केलं. या वेळी आवाज अडकला नाही. घ्या, रोखा, सोडा. सगळं झटपट झालं. "बाहेर बाकावर बसा, आजी," असं म्हणून तो पडद्याकडे वळला.

फोटो स्वच्छ आला होता. दोन्ही फुप्फुसं तळापासून जवळजवळ वरपर्यंत पांढऱ्या जाळीनं भरलेली. हवा जायला काळी, मोकळी जागा म्हणून वर दोन पट्ट्या उरलेल्या, बोटभर रुंदीच्या. भावाचा फोटो यापेक्षा बरा होता.

ती खोटं बोललीच नव्हती. एवढ्याशा जागेत श्वास रोखता येत नाही. चार शब्दसुद्धा सलग बोलता येत नाहीत.

छातीत पहिला घण पडला. त्याने ओठांचा चंबू केला आणि सहा मोजले. पुन्हा मोजले. मग बाहेर आला.

म्हातारी बाकावर चप्पल घालत होती. एक पट्टा लावून झाला की थांबायची, मग दुसरा. कॉरिडॉरच्या टोकाला तिची सून फोनवर हसत बोलत होती. त्याचा चेहरा पाहून म्हातारी काय ते समजली.

"पाहिलास ना," ती हलक्या आवाजात म्हणाली. "डॉक्टर सांगतील तेव्हा सांगतील. तू आत्ता तिला बोलू नकोस."

"घरी कुणालाच माहीत नाही?"

तिने 'नाही' अशी मान हलवली. श्वास गोळा केला.

"सून सगळ्यांना सांगते," ती म्हणाली, "आई हल्ली किती शांत झाल्यात."