हिरवी ज्योत

तापलेली तांब्याची तार मी बॅगेच्या आतल्या शिवणीला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार झाली. म्हणजे हे चामडं नाही, प्लास्टिकचा थर दिलेलं रेक्झिन. नावं कोरायच्या लेझरखाली घातलं तर विषारी धूर निघणार आणि मशीनही गंजणार.

मी तोंड उघडणार, तोच खटावकरकाका म्हणाले, “हिरवी! म्हणजे अस्सल चामडं ना? नोकरी लागली तेव्हा हिने दिलेली. दोघांची नावं कोरायचीत.”

त्यांच्या मागून काकू मला डोळ्यांनी खुणावत होत्या, सांगू नकोस. मी गोंधळले.

“अस्सलच आहे. पण जुनं चामडं करपतं, काका. नव्या तुकड्यावर नावं कोरून देते, तो आतून शिवून घ्या.”

“बघा, मी म्हणत नव्हते?” काकूंचा जीव भांड्यात पडला.

दोघं गेली. लगेच काका एकटेच परतले, चष्मा विसरलो म्हणत. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

“पोरी, हे रेक्झिन आहे,” ते हळूच म्हणाले. “पट्टा बदलताना कळलं, त्याला तीस वर्षं झाली. तिला सांगू नकोस हं.”

बाहेर काकू पदराने बॅग पुसत होत्या. मी नक्की कुणाशी खोटं बोलले?